पुदिना वाटायचा नाही, नुसता दाबायचा

ठाण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यातला शनिवार, घरी चार मित्र येणार, म्हणून व्हिस्की आणि पुदिन्याचं काहीतरी गारेगार करायचं ठरलं. जुडीभर पुदिना साखर घालून मिक्सरमधून काढला, त्यात व्हिस्की ओतली, ग्लासात बर्फाचे चार खडे टाकले, वरून सोडा. रंग चटणीचा, चव गवताची, घशाशी कडवट, आणि पाच मिनिटांत सगळं पाणचट. चुकलं कुठे? बोर्बन ही अमेरिकी व्हिस्कीच आणावी लागते का, की कपाटात आहे ती देशी व्हिस्की चालेल? आणि घरात न पिणारी आत्या आहे, तिच्या हातात काय द्यायचं?

मी बावीस वर्षं बारमागे उभा आहे. सुरुवात मुंबईतल्या एका हॉटेलात ग्लास पुसण्यापासून झाली, मधली सहा वर्षं बोटीवर गेली, आता नव्या पोरांना शिकवतो. तुमच्यासारखा घोळ मीही घातलाय, तोही दीडशे माणसांच्या संगीताला. ते पुढे सांगतो. आधी मिक्सरचं बघू.

पुदिन्याचा वास पानाच्या पोटात दडलेला नसतो. पान उलटं करून उजेडात धरा, घरात भिंग असेल तर त्यातून बघा. पाठीवर बारीक चकाकणारे ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. त्या पानाच्या अंगावरच असतात आणि इतक्या नाजूक असतात की चिमटीत धरलं तरी फुटतात. कुंडीतल्या पुदिन्यावरून नुसता हात फिरवला तरी तळव्याला वास लागतो, तो यामुळेच. म्हणजे आपल्याला हवं ते मिळवायला फार जोर लागतच नाही. जोर केला की पान फाटतं आणि हवं ते सोडून बाकीचं सगळं बाहेर येतं: हिरवा रस, कडू रस, आणि हवा लागली की पान काळं पाडणारी द्रव्यं. चटणीत हे खपून जातं, कारण तिथे लिंबू, मिरची, मीठ, खोबरं अशी अख्खी फौज असते. व्हिस्कीत त्याला झाकायला कोणी नसतं, उलट अल्कोहोल तो कडूपणा आणखी ओढून घेतं.

तेव्हा मिक्सर नको, खलबत्ता नको, आणि बारमधल्यासारखा दातेरी लाकडी दांडा मुद्दाम विकत आणायलाही नको. लाटणं घ्या. लाटण्याचं निमुळतं टोक पेल्यात छान जातं. तळाशी साखरेचा पाक, त्यावर आठ-दहा पानं, आणि लाटण्याच्या टोकानं पाच-सहा वेळा हलकेच दाब. मनगट फिरवायचं नाही. आपल्याला सवय असते ती लसूण ठेचायची किंवा ताक घुसळायची, म्हणून हात आपोआप फिरतो, तो रोखायचा. झालं की नाही हे कळायची खूण अशी: एक पान चमच्यानं उचलून बघा. ते अख्खं असलं पाहिजे, फक्त जरा गडद झालेलं, ओलसर आणि लुळं. पेल्यात नाक घाला. पाकाला वास लागला असेल तर थांबा. पाक हिरवा दिसायला लागला तर तुम्ही एक पाऊल पुढे गेलात, तो टाकून पुन्हा करा. पाच रुपयांच्या पानांसाठी साठ मिली व्हिस्की वाया घालवू नका.

देठ घ्यायचे नाहीत. बाजारातल्या जुडीत जाड, तांबूस देठ बरेच असतात आणि कडूपणा त्यांच्यात जास्त. वरचे कोवळे शेंडे मात्र वेगळे काढून ठेवा, ते शेवटी लागणार आहेत.

आता पेयाबद्दल. तुम्ही जे करू पाहत होतात त्याचं अस्सल रूप म्हणजे अमेरिकेच्या केंटकी राज्यातला मिंट जुलेप: बोर्बन, साखर, पुदिना आणि चुरा केलेला बर्फ. लिंबू नाही, सोडा नाही, बाकी काही नाही. लुइव्हिल शहरातल्या चर्चिल डाउन्स मैदानावर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत होते. १८७५ पासून ती चालू आहे आणि जुलेप हे तिचं मानाचं पेय. आदल्या दिवसाच्या शर्यती धरून दोन दिवसांत तिथे लाखाच्या आसपास जुलेप खपतात. अर्थात एवढ्या गर्दीत कोणी एकेक पान दाबत बसत नाही. बहुतेकांच्या हाती पडतो तो बाटलीतला तयार माल, बर्फावर ओतलेला. त्याच मैदानावर २००६ पासून हजार डॉलरचा जुलेपही विकला जातो, मुलामा दिलेल्या पेल्यात, दानधर्मासाठी. मला विचाराल तर दोन्हींपेक्षा घरचा चांगला.

बोटीवर लुइव्हिलचाच एक म्हातारा बारवाला माझ्या वरच्या हुद्द्यावर होता, त्यानं मला हे शिकवलं. सुट्टीत घरी आल्यावर मी आईला मोठ्या कौतुकानं सांगितलं की मी जुलेप शिकलो. आई म्हणाली, ‘जुलाब? ते शिकायला परदेशात कशाला जायचं?’ घर हसून लोळलं. पुढे कधीतरी शब्दाचं मूळ शोधलं तेव्हा कळलं की आई अगदी बरोबर होती. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात गुलाबपाणी. अरबीत त्याचं जुलाब झालं, म्हणजे औषध घोळवून द्यायचं गोड सरबत. ते लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाऊन जुलेप झालं. आपल्याकडे तोच शब्द हकिमांच्या हातून आला आणि पोट साफ करायच्या औषधाला चिकटला. फुलदाणीतला गुलाब, वैद्याचा जुलाब आणि केंटकीचा जुलेप ही तिन्ही एकाच घरातली भावंडं.

अमेरिकेतही त्याची सुरुवात औषधी थाटातच झाली. व्हर्जिनियातले लोक सकाळी सकाळी पुदिना घातलेली कडक दारू घेतात, अशी नोंद एका इंग्रज प्रवाशानं १८०३ साली केली आहे. तेव्हा ती व्हिस्कीच असायची असंही नाही. १८६२ साली न्यूयॉर्कच्या जेरी थॉमस या नामांकित बारवाल्यानं जी कृती छापली तिच्यात कोन्याक, म्हणजे फ्रेंच ब्रँडी, आहे. पुढे फ्रान्सच्या द्राक्षवेलींना फायलॉक्सेराची कीड लागली, ब्रँडी दुर्मीळ आणि महाग झाली, आणि केंटकीच्या हाताशी होती ती मक्याची व्हिस्की. त्यामुळे ‘बोर्बनच हवी का’ या प्रश्नाचं इतिहासाकडून उत्तर येतं: नाही. चवीकडून मात्र थोडं वेगळं येतं.

बोर्बनचे नियम अमेरिकी कायद्यात बांधलेले आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरवायला हवी. मक्यामुळे अंगचा गोडवा येतो, आणि जळलेल्या नव्या लाकडातून व्हॅनिला, कॅरमेल आणि खोबऱ्याच्या जवळ जाणारा वास. पुदिन्याला हे तिन्ही मानवतात. पिंप दरवेळी नवं लागत असल्यामुळे जुनी पिंपं विकली जातात, आणि बरीचशी स्कॉच त्याच पिंपांत मुरते. आपल्याकडच्या अमृत किंवा गोव्याच्या पॉल जॉनसारख्या सिंगल माल्टही बोर्बनच्या रिकाम्या पिंपांचा वापर करतात. म्हणून त्यांच्यात व्हॅनिलाचा तो धागा सापडतो. जुलेप त्यांचाही छान होतो, पण तेवढ्या किमतीची बाटली बर्फाच्या चुऱ्यात बुडवायला माझा हात धजत नाही. जिम बीमसारखी साधी बोर्बन पुरे. मेकर्स मार्क या बोर्बनमध्ये राय या धान्याऐवजी गहू असतो, ती आणखी मऊ लागते. टेनेसीची जॅक डॅनियल्सही चालते. धुरकट स्कॉच मात्र नको. पुदिना आणि धूर एकत्र आले की दाढदुखीचं तेल आठवतं.

आता कपाटातली देशी व्हिस्की. वाईट वाटून घेऊ नका, पण आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्की मळीपासून केलेल्या स्पिरिटमध्ये थोडं माल्ट मिसळून बनतात. पाण्या-सोड्याबरोबर आणि शेंगदाण्यांच्या चखण्याबरोबर त्या चालून जातात. जुलेपमध्ये मात्र व्हिस्की जवळजवळ उघडीच असते, मग तिचं अंगचं काही नसेल तर नुसतं गोड आणि तिखट लागतं. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, लिंबाची. ती खाली देतो.

पाक. आपल्या घरात पाक म्हटलं की बोटांत तार बघायची सवय. इथे तार येऊ द्यायची नाही. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, मंद आचेवर साखर विरघळली की गॅस बंद. लिंबाचे चार थेंब टाकले की गार झाल्यावर साखर बसत नाही, गुलाबजामाच्या पाकात टाकतो तसेच. फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे आरामात राहतो. पिठीसाखर थेट पेल्यात टाकायची असेल तर घरी दळलेली घ्या; विकतच्या पिठीसाखरेत कधी स्टार्च असतो, त्यानं पेय गढूळ होतं. पाकात पुदिना उकळायचा मोह होईल, तो करू नका. शिजलेल्या पुदिन्याला पालेभाजीचा वास येतो.

बोर्बनबरोबर माझा स्वतःचा आवडता प्रकार म्हणजे साखरेऐवजी काकवी. गुऱ्हाळावरची ताजी काकवी मिळाली तर तेवढंच गरम पाणी घालून सैल करायची आणि पाकाच्या जागी वापरायची. लुइव्हिलच्या त्या म्हाताऱ्याला एकदा सांगलीची काकवी नेऊन दिली होती. त्यानं बोट बुडवून चाटलं आणि बाटली स्वतःच्या लॉकरमध्ये ठेवून दिली.

आणि आता बर्फ. तुमच्या ग्लासात पाणी झालं ते बर्फ जास्त झाला म्हणून नाही, कमी पडला म्हणून. चार खडे कोमट व्हिस्की आणि कोमट सोडा गार करायला झटतात, त्यात स्वतः विरघळतात, आणि पेय पुरतं गार होण्याआधीच संपतात. पेला काठोकाठ बर्फानं भरला की पेय झपाट्यानं शून्याखाली जातं आणि मग वितळण्याचा वेग मंदावतो. शून्याखाली कसं, तर दारू आत असल्यामुळे. मीठ घातलेल्या बर्फात आपण पॉटचं आइस्क्रीम फिरवायचो, त्याच न्यायानं.

जुलेपला चुरा लागतो. थोडं पाणी सुरुवातीलाच सुटतं आणि ते सुटायला हवंच, नाहीतर साठ मिली व्हिस्की घशात जाळ करते. मग तो चुरा एकमेकांना धरून घट्ट बसतो आणि पेय वीस मिनिटं टिकतं. चुरा करायला अमेरिकेत जाड कापडाची खास पिशवी आणि लाकडी हातोडा मिळतो. आपण जुना धुतलेला पंचा घ्यायचा, दुपदरी करायचा, त्यात बर्फ गुंडाळायचा, आणि ओट्यावर ठेवून बत्त्यानं ठोकायचा. कापड सुटलेलं पाणी पिऊन घेतं, म्हणून चुरा कोरडा राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठोकलात तर चिखल होतो. गव्हाच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा, असा मिसळ आकार हवा. ठोकलेला बर्फ ताटात पसरून पुन्हा पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवलात तर काम आणखी चांगलं होतं. मुलांसाठी आणलेलं बर्फाच्या गोळ्याचं यंत्र घरात असेल तर तेही चालेल, पण तो किसलेला बर्फ फार बारीक, भराभर विरघळतो. त्यात थोडे ठोकलेले तुकडे मिसळा.

बर्फ हा या पेयात एके काळी खरा श्रीमंती माल होता. न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतून करवतीनं कापलेला बर्फ लाकडाच्या भुश्यात बांधून जहाजांनी गरम मुलखांत जायचा. १८३३ साली बॉस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबईतही त्या बर्फासाठी बर्फघर उभं राहिलं. म्हणजे केंटकीच्या पेल्यात पडायचा तसाच अमेरिकी तळ्यांचा बर्फ फोर्टातल्या साहेबांच्या पेल्यातही पडत होता.

पेला धातूचा घ्या. जुलेपचा पेला परंपरेनं चांदीचा किंवा कथलाच्या मिश्रधातूचा, आणि आकारानं तो आपल्या फुलपात्राचा थोरला भाऊ. तिकडे चांदीचे हे पेले शर्यतीत बक्षीस म्हणून देत, बाळाच्या बारशालाही भेट देतात. आपल्याकडेही बारशाला आलेला चांदीचा पेला कपाटात गुलाबी कागदात गुंडाळून पडलेला असतोच. नसेल तर पातळ पत्र्याचा स्टीलचा पेला, साधारण तीनशे मिलीचा. बर्फ भरून चमच्यानं हलवलं की बाहेरून पांढरा दहिवराचा थर धरतो. तो धरला की समजायचं जमलं. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत पेल्याला आधी भरपूर घाम फुटतो आणि हवेतलं ते पाणी जमताना पेल्याला उष्णता देऊन जातं, म्हणून आतला बर्फही लवकर जातो. पंखा पेल्यावर येणार नाही असं बसा, आणि पेला काठाशी किंवा बुडाशी धरा, मुठीत नको. मुठीत धरलेल्या पेल्यावर बोटांचे पाच ओले ठसे उमटतात आणि पांढरा थर गेला तो गेला.

तर आता सलग. पेला अर्धा तास फ्रीझरमध्ये. बाहेर काढून त्यात दहा मिली घट्ट पाक, म्हणजे दोन चहाचे चमचे, आणि आठ-दहा पानं. वर सांगितल्याप्रमाणे दाब द्या, आणि पाक लागलेली पानं चमच्यानं पेल्याच्या आतल्या बाजूला वरपर्यंत फिरवा. साठ मिली बोर्बन. अंदाजानं ओतू नका, पेग-मेजर वापरा. घरच्या कॉकटेलचे निम्मे अपघात सैल हातानं होतात. निम्मा पेला बर्फाचा चुरा, लांब चमच्यानं वीस-पंचवीस सेकंद हलवा. पेला पांढरा व्हायला लागेल. मग आणखी चुरा, काठाच्या वर छोटी टेकडी होईल इतका. ती हातानं दाबून घट्ट बसवा.

आता बाजूला काढलेले शेंडे. दोन-तीन शेंड्यांचा झुबका घ्या, एका तळव्यावर ठेवा आणि दुसऱ्या तळव्यानं एकदाच टाळी द्या. एकच. आरतीला वाजवतो तशा नाही. तो झुबका बर्फात खोचा आणि त्याच्या अगदी शेजारी कागदी नळी. नळी इतकी आखूड कापा की प्यायला वाकल्यावर नाक थेट पुदिन्यात जाईल. इथेच या पेयाची सगळी खुबी आहे. जिभेला लागते ती गार, गोड व्हिस्की; पुदिना येतो तो नाकातून. पानं तळाशी दाबली होती ती नुसती पार्श्वसंगीताला. तुम्ही पुदिना जिभेवर आणायला गेलात, म्हणून गवत झालं. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं पहिल्या आठवड्यात शेंड्याला शोभेची गोष्ट समजतात. मी त्यांना एक पेला शेंड्यासकट आणि एक शेंड्याशिवाय देतो. मग विचारत नाहीत.

पूर्वी नळ्या नव्हत्या तेव्हा बर्फ दाताला लागू नये म्हणून पेल्यावर भोकाभोकांचा लहान चमचा ठेवत. बाहुलीच्या भातुकलीतला झाराच तो. आजही बारमध्ये त्याच आकाराची गाळणी वापरतात आणि तिचं नाव जुलेपच्या नावावरच आहे.

पुदिना कुठला, हेही जरा बघा. आपल्या बाजारात येतो तो बहुतेक स्पिअरमिंटच्या कुळातला, आणि जुलेपला तोच हवा. त्याच्या वासाचा मुख्य रेणू कार्व्होन. गंमत म्हणजे हाच रेणू आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा झाला की बाळंतशेपांचा वास देतो. आपल्या नाकाला डावा-उजवा कळतो. पेपरमिंटमध्ये मेन्थॉल भरपूर असतं, ते जीभ गार पाडतं आणि व्हिस्कीला कफ सिरप करून सोडतं. नर्सरीतून रोप आणताना पान चुरगळून हुंगा. नाकात झिणझिण्या आल्या तर ते रोप चहासाठी ठेवा. जुडी आणल्यावर ओल्या कापडात गुंडाळून ठेवण्यापेक्षा देठ पाण्यात बुडवून पेल्यात उभी करा, फुलांसारखी. मलूल झालेली पानं बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं टाकली की पुन्हा ताठ होतात. आणि जे जाड देठ टाकून देणार होतात त्यातले चार खिडकीत पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात.

देशी व्हिस्कीची वाट म्हणजे व्हिस्की स्मॅश. जुलेपचाच धाकटा, लिंबू घातलेला. साठ मिली व्हिस्की, पंधरा मिली ताजा लिंबाचा रस, पंधरा मिली वरचाच घट्ट पाक, आठ पानं. अमेरिकेत यात पिवळ्या लेमनच्या फोडी सालासकट दाबतात. आपल्या कागदी लिंबाचं साल दाबलंत तर कडू होतं, म्हणून फक्त रस. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची मुरंब्याची बरणी. अर्ध्याच्या वर बर्फाचे खडे भरा, झाकण लावा, दहा-बारा सेकंद जोरात हलवा. इथे पानं वेगळी दाबायची गरज नाही, बर्फच ते काम करतो. पानं फाटतात हे खरं, पण आंबट-गोडात तेवढं झाकलं जातं, शिवाय लगेच गाळायचं असतं. चहाच्या गाळण्यानं ग्लासातल्या ताज्या बर्फावर गाळा, शेंड्याला टाळी देऊन वर ठेवा. सोडा हवाच असेल तर गाळल्यावर दोन घोट. बरणीत सोडा घालून हलवलात तर झाकण छताला आणि व्हिस्की भिंतीला. तुमच्या चार मित्रांना मी खरं तर हेच देईन. जुलेप हा हळूहळू एकट्यानं प्यायचा प्रकार, स्मॅश गप्पांचा.

आता तो संगीताचा किस्सा. नाशिकजवळच्या एका फार्महाउसवर दीडशे माणसं. मी हुशारी करून दुपारी बारालाच सगळी पानं खुडून, बारीक चिरून पाण्यात टाकून ठेवली. रात्री आठला झाकण उघडलं तर काळा काढा. तरी वापरला, वेळच नव्हता. एक काकू दातातून काळा तुकडा काढत म्हणाल्या, ‘यात कढीपत्ता का घातलाय?’ त्यानंतर मी पुदिन्याला सुरी लावलेली नाही. जास्त पेले करायचे असतील तर असं करा: ७५० मिलीच्या बाटलीला चाळीस-पन्नास अख्खी पानं, हातानं हलकी चोळून, व्हिस्कीत अर्धा तास भिजवा, मग काढून टाका आणि व्हिस्की परत बाटलीत गाळा. अर्ध्या तासाच्या वर नको, पुढे कडूपणा उतरतो. आयत्या वेळी फक्त पाक, बर्फ आणि ताजा शेंडा.

एक लक्षात असू द्या की जुलेपमध्ये पुरा लार्ज पेग असतो आणि गारवा नि साखर त्याची धार लपवतात. सरबतासारखे दोन प्यायलं की चार स्मॉल झाले, आणि ते उठताना कळतं. गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवानाही लागतो.

राहिली आत्या. तिला लिंबूपाणी देऊन वाटेला लावू नका, तिला मूळचा जुलेप द्या, गुलाबपाण्याचा. पेला तोच, चांदीचा असेल तर चांदीचाच. वीस मिली पाक, आठ-दहा पानं तशीच दाबलेली, अर्ध्या लिंबाचा रस, साठ मिली गार पाणी, एक चहाचा चमचा गुलाबपाणी, आणि काठावर टेकडी होईल इतका बर्फाचा चुरा. शेंड्याला टाळी आणि आखूड नळी इथेही हवीच. गुलाबपाणी मात्र खाण्याचं म्हणून विकतात ते घ्या, चेहऱ्याला लावायचं नको.